चाकाखालचं लिंबू

इंजिन बंद होतं आणि तरीही ते पुढे निघालं होतं.

केबिनमध्ये आम्ही दोन म्हाताऱ्या. एक मी, दुसरी गिऱ्हाइकाची आई. इंजिन चालवणारा मिस्त्री खाली हातात नारळ घेऊन उभा. आणि समोर, उतार संपतो तिथे, दोन रुळांच्या मधोमध माझे दीर आमच्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. मोठ्या पान्याने रुळाच्या जोडाचे नट आवळत होते. त्यांना ऐकू येत नाही.

मी "भावजी, उठा!" म्हणून ओरडले. ओरडून उपयोग नाही हे ओरडतानाच कळत होतं. शेजारच्या बाईंनी हॉर्नची दोरी ओढली. इतकं मोठं इंजिन, त्याच्या हॉर्नमधून फुस्स असा आवाज आला आणि संपला. हॉर्नला हवा लागते, आणि हवा इंजिन चालू झाल्याशिवाय भरत नाही. ब्रेकलाही तीच हवा लागते.

वेग फार नव्हता. माणूस घाईत चालतो तेवढाच. पण तीसेक टन लोखंड त्या वेगानं आलं तरी माणसाला पुरतं.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण नंतर ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचं सांगितलं.

आमचा धंदा जुन्या यंत्रांचा. माझ्या नवऱ्यानं सुरू केला. बंद पडलेल्या कारखान्यातली लेथ, कॉम्प्रेसर, जनित्रं घ्यायची, दुरुस्त करून विकायची. एकदा एका कारखान्याची अख्खी शेड विकत घेतली तर आत छोटं डिझेल इंजिन उभं होतं. आगगाडीचं इंजिन म्हणतात ते. पूर्वी मोठ्या कारखान्यांच्या आवारात स्वतःचे रूळ असायचे, त्याला सायडिंग म्हणतात. त्यावर मालाचे डबे इकडून तिकडे ढकलायला असली छोटी इंजिनं ठेवायचे. बाकीच्या व्यापाऱ्यांनी नवऱ्याला वेड्यात काढलं. आम्ही ते इंजिन दुसऱ्या एका कारखान्याला विकलं आणि पुन्हा कुणी हसलं नाही. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, ही चौथी शिकलेली बाई आता दुकान बंद करणार. मी आणि भावजींनी ते चालू ठेवलं. व्यवहार मी बघायचा, लोखंड त्यांनी.

विकत घ्यायला गेलं की मी पहिल्यांदा इंजिनाच्या अंगाला हात लावते. गार पाहिजे. गरम लागलं तर विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच ते चालू करून ठेवलेलं असतं, म्हणजे गार असताना ते सुरू होत नाही. मग ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. वायरी बघायच्या, कारण तांबं चोरांना आधी दिसतं. एवढं मला कळतं. पुढचं भावजी बघायचे. इंजिनाच्या पोटात शिरायचे आणि तासाभरानं तेलानं माखून बाहेर यायचे. "घ्या" किंवा "नको", एवढंच बोलायचे. जन्मभर डिझेलच्या धडधडीत राहून त्यांचे कान गेले. कानात लावायचं मशीन आहे, पण इंजिन चालू करायची वेळ आली की ते मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. मशीनमधून तो आवाज डोक्यात खिळा मारल्यासारखा जातो म्हणतात.

विकताना गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक चालवणारं, एक दाखवणारं. चालवणाऱ्याला रंग लावलेलं इंजिन देऊ नये. रंगाखाली भेगा लपवल्यात असं त्याला वाटतं आणि त्याचं बरोबर असतं. त्याला गंजकं, तेलकट, आहे तसं दाखवायचं. दाखवणाऱ्याला मात्र रंगच हवा असतो. त्याच्या हॉटेलापुढे नाहीतर बागेत ते इंजिन जन्मभर उभंच राहणार असतं. त्याला जुनं म्हटलं की तो नाक मुरडतो, व्हिंटेज म्हटलं की पाकीट काढतो.

हा गिऱ्हाईक हिंजवडीचा. चाळिशीचा असेल. जिथे त्याची आई भात लावायची तिथे आता काचेची ऑफिसं आहेत आणि ह्याचं हॉटेल. त्याला हॉटेलापुढे रूळ टाकून त्यावर इंजिन पाहिजे होतं. इथवर ठीक. पण ते त्याला चालवूनही पाहिजे होतं. रविवारी पोरांना बसवून हॉटेलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, असं त्याच्या मनात.

"आजी, लुक एकदम व्हिंटेज पाहिजे, पण कंडिशन रनिंग," तो म्हणाला.

मी म्हटलं, "म्हणजे पिकलेले केस आणि नवे गुडघे. मला मिळाले की तुम्हालाही देते."

तो हसला. भावजी हसले नाहीत. त्यांना मी काय म्हटलं ते ऐकूच आलं नव्हतं. नंतर मी त्यांना कानाशी सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, रंगवायचं तर चालवायचं नाही. चालवायचं तर रंगवायचं नाही. काय ते एक ठरवायला सांगा."

मी सांगितलं. गिऱ्हाइकानं मान डोलवली आणि स्वतःचा रंगारी पाठवला. मी त्याला अडवलं नाही म्हणून भावजींनी माझ्याशी अबोला धरला.

इंजिन एका बंद कारखान्याच्या आवारात होतं. तिथून ते ट्रेलरवर चढवून न्यायचं होतं. मी विश्रांतवाडीहून रिक्षानं पोचले तेव्हा ऊन चढलं होतं आणि इंजिन ओळखू येत नव्हतं. हिरवंगार, त्यावर पिवळे पट्टे, चाकं काळी कुळकुळीत, कठडे लाल. रंग ओला होता. हात लावला तर बोटं चिकटली. रंगाऱ्यानं काही म्हणता काही सोडलं नव्हतं. चाकं रंगवली म्हणजे चाकाचा रुळावर टेकतो तो भागही रंगवला. त्या भागाला घासून चाक थांबवणारे लोखंडी गुटके असतात, तेही लाल रंगवले. हे मला नंतर कळलं. तेव्हा सगळ्यांना ते छानच दिसत होतं.

इंजिन उभं होतं तिथून ट्रेलरपर्यंत रुळाला उतार आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी ओतलं तर वाहतं. म्हणून चाकांच्या पुढे लाकडी ठोकळे ठोकले होते आणि हँडब्रेकही आवळलेला होता. भावजींनी सकाळी स्वतः आवळला होता. ओल्या रंगावर तो ब्रेक धरत नव्हता. इंजिन फक्त ठोकळ्यांवर उभं होतं, आणि हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाइकाची आई नऊवारी नेसून, ताट घेऊन आली होती. ताटात हळदकुंकू, फुलं, पेढे आणि मार्केट यार्डातून निवडून आणलेली टपोरी लिंबं. नवी गाडी घेतली की आपण तिची पूजा करतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, गाडी पहिल्यांदा हलली की ते चिरडतं. स्कूटरला करतो, ट्रकला करतो, तसंच ह्यालाही.

मिस्त्री म्हणाला, "आधी इंजिन चालू करू. हवा भरू दे, ब्रेक लागू दे. मग ठोकळे काढून लिंबं ठेवा."

"इंजिन चालू जालं की धूर येतोय, ताटातलं निरांजन विझतंय," बाई म्हणाल्या. "आदी पूजा. मग चालू करा का उडवा."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पूजा होऊ दे. ठोकळ्यांना हात लावू नका म्हणजे झालं. लिंबू ठोकळ्याच्या कडेला ठेवा."

हे बोलणं सगळ्यांनी ऐकलं. गिऱ्हाईक फोनवर होता.

भावजींनी खिशातलं मशीन चाचपलं आणि मला खूण केली की मी जोडाचे नट बघतो. सायडिंगचा रूळ आणि ट्रेलरवर चढायचा तात्पुरता रूळ जिथे मिळतात तिथे ते जाऊन बसले. इंजिन लवकरच चालू होणार म्हणून मशीन आधीच काढून ठेवलं होतं.

पूजा झाली. मग गिऱ्हाइकाला आईचा फोटो केबिनमध्ये पाहिजे. बाई म्हणाल्या, "म्या एकली न्हाय चढायची त्यात. ताई, तुमी चला." म्हणून मी चढले. पायरीच्या कठड्याचा रंग माझ्या तळव्यांना लागला, त्यांच्या नऊवारीला लागला. खिडकीतून दोघींनी तोंडं बाहेर काढली. मिस्त्री नारळ फोडायला इंजिनाच्या तोंडाशी गेला.

"एक मिनिट," गिऱ्हाईक म्हणाला, "ते लाकूड फ्रेममध्ये फार घाण दिसतंय."

आणि त्यानं ते लाथेनं उडवलं. पुढे वाकून दुसरंही ओढलं आणि मागे गवतात टाकलं. ठोकळ्याच्या जागी चाकाखाली लिंबू नीट सरकवून ठेवलं. आईच्या पूजेत काही कमी राहू नये म्हणून. मला खिडकीतून त्याचं डोकं तेवढं दिसलं.

लिंबू फुटल्याचा वास मला आधी आला. मग कळलं की आपण हललोय.

आता मी सुरुवातीला सांगितलं तिथे परत येते. ओरडले, हॉर्न फुस्स झाला. मिस्त्री नारळ टाकून धावत आला, केबिनच्या कठड्याला धरून वर चढायला गेला. ओला रंग. हात सटकला आणि तो खडीवर तोंडावर पडला. गिऱ्हाईक गवतात ठोकळा शोधायला धावला. भावजींकडे धावला असता तर त्यांना ओढून काढता आलं असतं, असं नंतर पुष्कळ लोक म्हणाले. म्हणणारे तिथे नव्हते. इंजिन जात असताना माणसाच्या डोक्यात इंजिन थांबवायचं एवढंच येतं. ट्रेलरचा ड्रायव्हर गेटावर चहा पीत होता.

केबिनमध्ये हँडब्रेकची चक्री असते, उभ्या खांबावर, बसच्या स्टिअरिंगसारखी. ती फिरवली की खाली साखळी ओढली जाते आणि गुटके चाकाला दाबतात. चक्री आवळलेलीच होती. मी आणखी आवळायला गेले तर हात निसटायला लागले. रंगानं बरबटलेले.

"पदर द्या," मी बाईंना म्हटलं.

त्यांनी पदर चक्रीला गुंडाळला आणि माझ्यासमोर उभ्या राहून पलीकडून धरलं. "कंच्या अंगाला?"

"माझ्याकडे. ओढा."

ओढलं. चक्री थोडी फिरली. भावजींची पाठ मोठी होत चालली होती. पांढरा शर्ट, घामानं मधोमध भिजलेला. डोकं खाली. त्या पाठीकडे बघत चक्री ओढायची होती आणि पाठ काही हलत नव्हती.

"आनखी?"

"आणखी. लोंबकळा त्याला."

दोघी लोंबकळलो. मग खालून जळक्या रंगाचा वास आला. धूर आला. गुटक्यांवरचा आणि चाकांवरचा रंग घासून घासून जळत होता. किंचाळल्यासारखा आवाज आला आणि पायाखालची जमीन मागे ओढल्यासारखी झाली. रंग संपला तिथे ब्रेक लागायला लागला.

त्याच वेळी भावजींनी रुळावर तळवा ठेवला. नट आवळून झाला की जोडावर हात ठेवून बघायची त्यांची सवय आहे. हाताला रूळ थरथरताना कळला असणार. त्यांनी मान वळवली. मला त्यांचं तोंड दिसलं. घाबरलेलं नव्हतं, वैतागलेलं होतं, कुणी कामात हात घातला की होतं तसं. मग ते बाजूला पडले आणि इंजिनाच्या पुढच्या नाकाखाली मला दिसेनासे झाले.

इंजिन आणखी थोडं गेलं आणि थांबलं.

मला वाटलं, संपलं. मग खालून आवाज आला. शिव्या. माझ्या सासूबाईंनी ऐकल्या असत्या तर अंगठे धरायला लावले असते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शिव्या बऱ्या वाटल्या.

मी चक्री सोडून खाली उतरणार तेवढ्यात इंजिन बोटभर पुढे सरकलं. खाली भावजी असे ओरडले की मी पुन्हा चक्रीला लटकले. चक्री जागेवर अडकून राहावी म्हणून खाली एक खटका असतो, तो दात्यांत बसतो. पुढच्या दात्यांत ओला रंग साचला होता. खटका बसत नव्हता. म्हणजे हातानंच धरायचं, सोडायचं नाही.

मिस्त्री रक्ताळलेल्या तोंडानं पुढे गेला, वाकून बघितलं आणि वर ओरडला, "बाई, सोडू नका! चाक पायावर हाय. बाकी अंग बाहेर हाय. जरा बी पुढं आलं तर वर येतंय."

"ठोकळे कुठायत?" मी ओरडले.

"सापडले, सापडले," गिऱ्हाईक रडत रडत म्हणाला. ठोकळे आले, पण पुढच्या चाकाच्या पुढे ठेवायला जागाच नव्हती. तिथे भावजी होते. मागच्या चाकांना लावले. ते धरतील ह्यावर माझा विश्वास नव्हता. सकाळी सगळ्यावर विश्वास होता.

"वहिनी!" भावजी खालून म्हणाले. "चक्री तुमच्या हातात आहे का?"

"आहे."

त्यांना ऐकू गेलं नाही. "अहो वहिनी! चक्री कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे!"

"कुणीतरी सांगा रे, चक्री कुणाकडे आहे!"

मिस्त्रीनं त्यांच्यापुढे वाकून माझ्याकडे बोट दाखवलं असावं, कारण ते गप्प झाले. मग म्हणाले, "मग ठीक आहे. जॅक आणा. उजवीकडून लावा, तिकडे जमीन घट्ट आहे. गाढवासारखी घाई करू नका."

रुळावरून उतरलेलं चाक उचलायचा मोठा जॅक आमच्या टेम्पोत असतोच. तो आणायला लागलेला वेळ मी कधी मोजला नाही आणि मोजणारही नाही. दंडाला कळ लागली, मग कळ गेली, मग दंड आपला आहे की नाही कळेना. बाईंचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं होतं. दोघींचं कुंकू एकमेकींना लागलं असतं, पण मला कुंकू नाही, त्यांनाही नव्हतं.

"कोन लागत्यात तुमचे?" त्यांनी विचारलं.

"दीर."

"बोलायचालायला बरे हायेत का?"

"दोन दिवस अबोला होता."

"कशापायी?"

"ह्या रंगापायी."

 पदर फाटायला लागल्याचा आवाज आला तेव्हा त्या फक्त, "नव्वा हाय," एवढं म्हणाल्या आणि पकड बदलली.

खाली जॅक चढत होता. इंजिन कुरकुरलं, एका बाजूनं उचललं गेल्यासारखं वाटलं. "आता!" मिस्त्री ओरडला. पुन्हा "आता, ओढा!" आणि भावजींचा आवाज आला, मग आला नाही. तो न येणं त्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मी चक्री धरूनच उभी. गिऱ्हाइकानं शिडीवरून तोंड वर काढून सांगितलं, "काढलं आजी, बाहेर काढलं." तरी मी सोडली नाही. मिस्त्रीनं पुढच्या चाकाला ठोकळे ठोकले, त्याचा आवाज ऐकला, मग सोडली. बोटं उघडत नव्हती. बाईंनी त्यांच्या बोटांनी माझी एकेक उघडली.

भावजी खडीवर पडले होते, डोळे मिटलेले. खिशातलं कानाचं मशीन शाबूत. मी ते त्यांच्या कानात घातलं आणि म्हटलं, "भावजी."

डोळे न उघडता ते म्हणाले, "रंग ओला होता, वहिनी."

"होता."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. आता गप्प पडा."

दवाखान्यात नेईपर्यंत ते गप्प पडले नाहीत. डाव्या पायाचा घोट्याखालचा भाग डॉक्टरांनी काढला. राहण्यासारखा नव्हताच. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा त्यांनी विचारलं की इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या आसाला काही झालं का. मी म्हटलं, आसाला काही झालेलं नाही, तुम्हाला झालंय. ते म्हणाले, ते मला दिसतंय.

सौदा मोडला नाही. पुष्कळांना वाटलं मी मोडीन. इंजिन परत आणून मी कुठे ठेवणार होते? मी एवढंच सांगितलं की ते चालवायचं नाही. मिस्त्रीनं हॉटेलापुढच्या रुळावर चारी बाजूंनी लोखंडी ठोकळे चाकांना वेल्ड करून टाकले. आता ते दाखवायचं इंजिन आहे. रविवारी ऑफिसातली पोरंपोरी त्यापुढे फोटो काढतात. गिऱ्हाईक मला भेटला की मान खाली घालतो. घालू दे. त्याची आई मात्र भात आला की पोतं पाठवते आणि फोनवर भांडते की मी हॉटेलात जेवायला का येत नाही.

भावजी खोटा पाय लावून रोज वखारीत येतात. रंगाऱ्याला आत घेत नाहीत. इंजिन चालू करायची वेळ आली की पूर्वी मशीन काढून ठेवायचे, आता कानातच ठेवतात, तोंड वाकडं करतात आणि सहन करतात.

त्या दिवशी वर चक्रीला आम्ही दोघी होतो आणि खाली चाकाशी भावजी. तिघंही जिवंत आहोत.